पितळी स्टो घरी नीट पेटतो, पण पाचनईला पहाटे हवा धरत नाही

खिरेश्वर_वाट:

नमस्कार मंडळी,

आजोबांचा पितळी प्रायमस माझ्याकडे आहे. गिरगावातल्या चाळीत आजीने वर्षानुवर्षं त्याच्यावर स्वयंपाक केला. गॅस आला आणि तो माळ्यावर गेला. मी तो खाली काढला, चिंचेने घासला, बर्नरचा नवा निपल (ज्याच्या बारीक भोकातून रॉकेलची वाफ बाहेर येते तो) बसवला आणि आता ट्रेकला बरोबर नेतो. तीन पायांचा, फर्र आवाजाचा, साधारण एक लिटर टाकीचा. बर्नरला वेगळी चावी नाही. रॉकेल ओतायच्या झाकणावर छोटा स्क्रू आहे, तो सोडला की हवा जाते आणि स्टो विझतो.

हरिश्चंद्रगडावर मी पेटवत नाही, ते अभयारण्य आहे. पायथ्याला पाचनईत ज्यांच्याकडे उतरतो त्यांच्या अंगणात पेटवतो. बरोबरचे लोक गॅसची छोटी डबी आणतात, ती सोयीची आहे हे मान्य. पण मला हाच स्टो चालता ठेवायचा आहे. आजीच्या हातची एवढी एकच वस्तू माझ्याकडे आली आहे.

आता दुखणं सांगतो. ठाण्याला घरी पेटवला की ज्योत निळी, आवाज एकसारखा. दहा-बारा मिनिटांनी ज्योत बसते, पुन्हा पंप मारला की उठते. तेवढं मी चालवून घेत होतो. पण पाचनईला, डिसेंबर-जानेवारीत, उजाडायच्या आधी पेटवायला घेतला की पंपाला काही जोरच लागत नाही. दांडा रिकामा आतबाहेर होतो. बऱ्याच वेळाने थोडी हवा भरते, आणि मग हात सोडला की दांडा हळूहळू आपणहून वर येतो. पंपाच्या नळीतून रॉकेलचा वास येतो, मूठ ओली होते. ऊन अंगणात आलं, जरा वेळ गेला, की तोच स्टो शहाण्यासारखा चालतो.

माहितीसाठी: झाकणाचा रबरी वायसर बदललाय. निपलच्या भोकात पिन मारून ते साफ केलंय. पंपाचं चामडं जुनंच आहे, मऊ आहे, त्याला खोबरेल घालतो, आमच्या घरी कायम तेच घालायचे. रॉकेल पांढरं. वेगळी बाटली न्यायला नको म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरून नेतो.

इथल्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, सगळे वायसर बदलून देतो, पण हवा नक्की कुठून जाते ते सांगता येणार नाही. मला ते पटलं नाही. हवा कुठून जाते ते शोधायची काही रीत आहे का?


रानवाटा७:

बर्नर टाकीला जिथे बसतो तिथे गळत असणार, हमखास. दोन नळ्या एकत्र करून लावायचा इपॉक्सी मिळतो, तो सभोवार लिंपून टाका. आणि थंडीत रॉकेलमध्ये थोडं पेट्रोल मिसळा, लगेच पेटेल.


सोनकी:

रानवाटा, तुमचा हेतू चांगला आहे, पण ही दोन्ही कामं कुणी करू नयेत, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते.

रॉकेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, आपल्याकडच्या मानकाप्रमाणे किमान ३५ अंश असावा लागतो. पेट्रोलचा शून्याच्या खाली चाळीस अंशांच्या आसपास असतो. ह्या स्टोची रचनाच रॉकेलसाठी आहे. तो विझवायचा म्हणजे झाकणाचा स्क्रू सोडून टाकीतली हवा बाहेर काढायची, आणि त्या वेळी वीतभर अंतरावर बर्नर लालभडक असतो. टाकीत पेट्रोल असेल तर त्या हवेबरोबर पेट्रोलची वाफ बाहेर येते. थोडंसंही नको. आणि इपॉक्सी बर्नरच्या बुडाशी लावलात तर तापून तो सुटणार, पुन्हा गळणार, आणि मधल्या काळात बर्नर कायमचा चिकटून बसल्यामुळे आतला वायसर बदलायची वाटही बंद.

आता तुमचं. साताऱ्यात आमच्या अण्णांचं स्टो आणि गॅसबत्ती दुरुस्तीचं दुकान होतं, माझं लहानपण त्या बाकड्यावर गेलं. अण्णा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हा विचारायचे की हवा कधी जाते. भरताना, भरल्यावर लगेच, की जळता जळता? प्रत्येकाचं ठिकाण वेगळं. तुमच्याकडे तिन्ही आहेत, म्हणून गोंधळ झालाय. एकेक सोडवू.

जळता जळता ज्योत बसते, ह्यातला मोठा भाग गळती नाहीच. तुम्ही टाकी गळ्यापर्यंत भरता. टाकी लिटरची, त्यात ९०० मिली रॉकेल, म्हणजे हवेला जागा १०० मिली. पंप मारून आतला दाब बाहेरच्या दुप्पट केला असं धरा. ५० मिली रॉकेल जळलं की त्याच हवेला १५० मिली जागा मिळते आणि दाब दुपटीवरून १.३३ पटीवर येतो. रॉकेल वर ढकलायला कामाचा असतो तो बाहेरच्याहून जास्तीचा दाब. तो १ होता, ०.३३ उरला. आता टाकीत ६०० मिलीच भरा. हवेला ४०० मिली. तेवढंच ५० मिली जळलं तर जास्तीचा दाब १ वरून ०.७८ वर येतो, ज्योतीला फारसा फरक कळतही नाही. असा बर्नर तासाला पाव लिटरच्या आसपास रॉकेल खातो, म्हणजे ५० मिली बारा मिनिटांत. तुमची दहा-बारा मिनिटं इथून आलीत. अर्ध्याहून थोडी जास्त भरा, फार तर पाऊण. त्याच्यावर नाही.

पहाटे पंपाला जोर लागत नाही, ह्याचं कारण खोबरेल. हिवाळ्यात न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली थिजते, तेच पंपात होतं. साधारण २४ अंशांच्या खाली ते गोठायला लागतं. गिरगावात आजींना त्याचा कधी त्रास झाला नसेल, कारण चुलीशेजारी, बंद खोलीत, तेवढी थंडी पोचतच नाही. पाचनईला जानेवारीत पहाटे अंगणात ठेवलेलं पितळ हाताला चटका देण्याइतकं गार असतं. पंपाच्या दांड्याच्या टोकाला जी चामड्याची वाटी असते, तिने दांडा दाबला की फुलून नळीला घट्ट टेकायचं असतं. थिजलेल्या खोबरेलात ती आखडते, फुलत नाही, आणि हवा तिच्या कडेनेच परत येते. टाकीपर्यंत जातच नाही.

दांडा आपणहून वर येतो, हे तिसरं, आणि तेही त्याच तेलाचं काम असावं. पंपाच्या नळीच्या तळाशी एक एकमार्गी झडप असते. आत इवलीशी स्प्रिंग आणि रबराची किंवा बुचाची टिकली. हवा टाकीत जाऊ द्यायची, परत येऊ द्यायची नाही, एवढंच तिचं काम. जास्तीचं खोबरेल ओघळून तिथे साचतं, थिजतं, टिकली नीट टेकत नाही. मग टाकीतला दाब नळीत येतो आणि दांड्याला वर ढकलतो, त्याच्याबरोबर रॉकेलही येतं. ऊन आलं, तेल वितळलं, टिकली बसली. म्हणून नंतर तो "शहाण्यासारखा" चालतो. ह्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. पंपातून रॉकेल बाहेर येत असताना स्टो पेटवायचा नाही, कितीही थंडी असो.

हा माझा अंदाज झाला. खात्री करायची तर पाचनईला जायला नको.

आधी टाकी रिकामी करा, पूर्ण, आणि दोन दिवस झाकण उघडं ठेवून मोकळ्या हवेत सुकू द्या. ह्या स्टोला चावी नसल्यामुळे निपलचं भोक कायम उघडं असतं, त्यामुळे हवा भरून तपासता येत नाही. त्यासाठी "आंधळा निपल" करा. जुना, भोक मोठं झालेला निपल घ्या आणि त्याच्या भोकावर डाग (सोल्डर) देऊन ते बुजवून घ्या. रेडिओ दुरुस्तीवालाही देईल. तो बर्नरला बसवला की टाकी चहूबाजूंनी बंद.

मग बादलीत पाणी घ्या. थोडी हवा भरा. टाकी रिकामी असल्यामुळे हात जास्त मारावे लागतील, पण जोर काढू नका, गळती दिसायला दाब थोडाच पुरतो. स्टो पाण्यात बुडवा आणि थांबा. सुरुवातीला जे बुडबुडे येतील ते कानाकोपऱ्यात अडकलेल्या हवेचे असतात. हाताने पुसून टाका. नंतर एकाच जागेहून, एकामागून एक येतील ते खरे. बर्नरच्या बुडाशी आले तर तिथला शिशाचा वायसर गेला. झाकणाशी आले तर वायसर किंवा हवेच्या स्क्रूचं टोक. त्या टोकावर चरा पडला असेल तर रबर कितीही बदला, उपयोग नाही.

झडपेसाठी वेगळं. पंपाची टोपी सोडून दांडा पूर्ण बाहेर काढा, स्टो नळी वर येईल असा आडवा-तिरपा धरा आणि नळीत चमचाभर पाणी ओता. टाकीत हवा भरलेली असताना पाण्यातून बुडबुडे वर आले तर झडप बसत नाही.

आणि पाचनईची पहाट घरी आणायची तर बादलीत बर्फ टाका. रिकामा स्टो अर्धा तास त्यात उभा ठेवा, मग पंप मारून बघा. माझा अंदाज बरोबर असेल तर तिथे होतं तेच तुमच्या ठाण्याच्या न्हाणीघरात होईल.

चामडं मऊ आहे म्हणता तर टाकू नका. जुनं चामडं चांगलं होतं. कोमट पाणी आणि साबणाने सगळं खोबरेल काढा, सावलीत सुकवा, मग एरंडेल पाजा. कोल्हापुरी चपलेला पाजतात तसंच, रात्रभर मुरू द्यायचं. एरंडेल थंडीत दाट होतं, पण आपल्या डोंगरातल्या थंडीला गोठत नाही. शिवणयंत्राचं तेलही चालेल. बसवताना वाटीचं तोंड टाकीच्या बाजूला. बोटांनी कडा जरा बाहेर फाकवा आणि फिरवत फिरवत आत घाला, म्हणजे कड दुमडत नाही.


बोहरीआळी_कर:

सोनकीताईंनी एवढं सविस्तर लिहिलंय की मी फक्त सामानाचं सांगतो. चामडी वाटी, शिशाचे वायसर, निपल, पिना अजून मिळतात; पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवीला विचारा. मापाने मागू नका, जुनी वस्तू हातात घेऊन जा. झडपेतली टिकली तयार मिळाली नाही तर नायट्राइल रबराची पातळ शीट घ्या आणि पंचने कापा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालू नका, तो रॉकेलमध्ये फुगतो आणि नंतर हवा आतही जात नाही. झाकणालाही नायट्राइलच.

झडप काढायला लांब दांड्याची चावी लागते. पकडीने प्रयत्न केलात तर तिचं डोकं गोल होईल आणि मग कुणालाच निघणार नाही. चावी नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच काढून घ्या. आत टिकली झिजलेली दिसली तर आधी ती उलटी करून बसवून बघा, दुसरी बाजू सहसा कोरी असते.

आणखी एक. तुम्ही कसाऱ्यापर्यंत लोकलने जात असाल तर भरलेली टाकी नेऊ नका. रेल्वे कायदा १९८९, कलम १६४. गाडीत शेजारी बसलेल्या माणसाचा विचार केला तरी नको.


खिरेश्वर_वाट:

ताई, दादा, मनापासून आभार. मी स्वतःच्या गाडीने जातो, पण रॉकेल आता वेगळ्या पत्र्याच्या बाटलीत, टाकी रिकामी, हे पक्कं केलं.

केलेलं सांगतो. बर्फाची चाचणी आधी केली, कारण विश्वास बसत नव्हता. हुबेहूब पाचनई! दांडा रिकामा, मग थोडा जोर, मग हात सोडला की वर. बाहेर काढून ऊन दिलं की ठीक. दांडा काढला तर वाटीवर पांढरा थर बसलेला, नखाने निघेल असा. दुरुस्तीवाल्याकडे चावी होती, त्याने झडप काढून दिली, आत तोच पांढरा लगदा. टिकलीवर गोल खाच पडली होती, ती उलटी बसवली. चामडं धुऊन एरंडेलात ठेवलं. आता बर्फातून काढल्या काढल्या पंपाला जोर लागतो आणि दांडा जागचा हलत नाही. टाकी अर्ध्याहून थोडी वर भरून पेटवला, मधे हात न लावता भात झाला.

पण पाण्यातल्या चाचणीत दोन जागा दिसल्या. एक बर्नरच्या बुडाशी. तिथला शिशाचा वायसर पिळवटला होता, नवा बसवला, बंद झालं. दुसरी जागा झाकणाच्या गळ्याशी. झाकणातून नाही, गळा टाकीला जिथे जोडलाय तिथून. फार बारीक बुडबुडे, थांबून थांबून एक. भिंगाने बघितलं तर एक काळपट रेघ दिसते. मला ह्याचीच भीती वाटते. टाकीला चीर असेल तर स्टो संपला का?


सोनकी:

सगळ्यात आधी, ती रेघ कशी जाते ते नीट बघा. गळ्याच्या कडेने गोल जात असेल तर तो जुना डाग सुटलाय. गळ्यापासून निघून टाकीच्या पत्र्यात सरळ किंवा फांद्या फुटत जात असेल तर पितळालाच चीर आहे. टाकी पुसून कोरडी करा, रेघेवर पातळ तेलाचं बोट फिरवा, लगेच पुसून घ्या आणि वर खडूची पूड भुरभुरवा. थोड्या वेळाने चिरेतलं तेल खडूत उमटतं आणि रेघ शेवटपर्यंत दिसते.

पितळ आपोआप कसं चिरतं ह्याचं नवल वाटेल, म्हणून सांगते. ठोकून, दाबून आकार दिलेल्या पितळात ताण राहिलेला असतो, आणि दमट हवेत अमोनिया लागला की ते त्या ताणावर चिरतं. हे आपल्याच देशात लक्षात आलं होतं. इंग्रजांच्या फौजेतली पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवली की तडकायची. जनावरांच्या मुतातला अमोनिया त्याला कारणीभूत होता, हे १९२१ च्या सुमारास नीट सिद्ध झालं. म्हणून पितळी स्टो गोठ्यात, संडासाच्या माळ्यावर ठेवू नये आणि अमोनिया असलेल्या पॉलिशने घासू नये. चिंच चालते, फक्त नंतर भरपूर पाण्याने धुवा.

पत्र्याला चीर निघाली तर माझं मत स्पष्ट आहे: तो पेटवायचा नाही. डाग देऊन वरून झाकता येते, पण ताण आतच असतो आणि चीर डागाच्या पलीकडे सरकते. टाकीचा तळ बाहेर फुगलेला दिसला तरी तेच. अण्णांनी अशा टाक्या कधी घेतल्या नाहीत, गिऱ्हाईक कितीही अडून बसलं तरी.


खिरेश्वर_वाट:

खडू लावून पाहिला. रेघ गोलच आहे, गळ्याच्या कडेने, साधारण पाव घेर. पत्र्यात कुठेही शिरलेली नाही. तळ सपाट, आत किंचित वळलेला, तसाच आहे. भिंगाखाली फोटो काढून दोन जाणत्यांना दाखवला, त्यांचंही तेच म्हणणं.


सोनकी:

मग वाचला. जीवात जीव आला मलाही.

डाग नव्याने द्यावा लागेल. ते घरी करू नका. तांबट किंवा गॅसबत्तीची कामं करणारा जुना कारागीर शोधा आणि त्याला आधीच सांगा की ह्यात रॉकेल होतं. रिकाम्या टाकीत उरलेली वाफ आच लागली की फुटते, भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी जास्त धोक्याची. गरम पाणी आणि साबण घालून टाकी अनेकदा खळखळून धुवा, वास पूर्ण जाईपर्यंत. डाग देताना गळ्याच्या थोडं खालीपर्यंत टाकीत पाणी भरलेलं असू द्या, झाकण काढलेलं. पाण्याने वाफेला जागा उरत नाही आणि पायांचे व तळाचे जुने डागही आचेने सुटत नाहीत. गळा नीट खरवडून चकचकीत केल्याशिवाय डाग धरणार नाही, सुटलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना बोटभर पुढपर्यंत घ्यायला सांगा.

परत आणलात की आंधळा निपल, पाणी, बादली, सगळं पुन्हा. एकही बुडबुडा नाही असं दिसलं तर बाहेर काढून पुसा आणि तेवढीच हवा भरलेली, रॉकेल न घालता, रात्रभर सावलीत ठेवा. सकाळी झाकणाचा स्क्रू सोडा. फुस्स आवाज जोरात आला तर टाकी, झडप, वायसर सगळं धरतंय. मग आंधळा निपल काढून खरा बसवा, त्याच्या भोकातून पिन एकदाच हलक्या हाताने फिरवा. भोक साधारण ०.३ मिलिमीटरचं असतं, जोरात पिन मारून ते मोठं झालं की रॉकेल जास्त जातं, ज्योत पिवळी होते आणि माणूस पुन्हा गळती शोधत बसतो. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा उघड्यावर, जवळ वाळूचं घमेलं घेऊन, आणि गळ्याशी बोट फिरवून ओल नाही ना ते बघून.